हरलेल्या माशाचा रंग

“टँक शांत झाला म्हणजे निभलं असं नोका समजू, मॅडम,” इतवारीतला माशांचा दुकानदार शालिकराम म्हणाला होता, “मारामारी चालू आहे तोवर दोघंही जिते आहेत. शांत झाला म्हणजे एकानं हार मानली. मंग त्याले कोणी वाचवत नाही.” अरुंधती तेव्हा हसली होती. नवरात्राचे दिवस होते, भांडेबाजाराच्या मागच्या त्या बोळात हातगाड्यांनी रस्ता अडवून धरला होता, कडेवर अडीच वर्षांची गार्गी पेंगुळली होती, आणि दुकानाच्या दाराला टांगलेल्या फुगीर पिशव्यांतून बोटाएवढे मासे तिच्या कानाशी वळवळत होते. ती माशांचं खाणं घ्यायला आली होती आणि सहज म्हणून विचारलं होतं, मधली जाळी आता काढली तर चालेल का. मनीषनगरच्या फ्लॅटमधला तो सहा फुटी टँक म्हणजे तिच्या नवऱ्याचा, अपूर्वचा शौक. त्यात दोन जग्वार, चित्त्यासारखे ठिपके असलेले, जबडा उघडला की अख्खी कोळंबी आत ओढणारे शिकारी मासे. बोटाएवढे असताना शालिकरामकडूनच आणलेले, आता थोरला चांगला वीतभराहून मोठा झालेला. उन्हाळ्यात तो धाकट्याला चावायला लागला, तेव्हा शालिकरामनंच मध्ये घालायला प्लास्टिकची जाळी कापून दिली होती. “जोडी आहे ती,” तिनं सांगितलं. “मोठा नर, लहान ती मादी. मी स्वतः पाहिलंय.” शालिकरामनं ओले हात बनियनला पुसले. “बारका आहे म्हणून मादी नसते, मॅडम. मार खाऊन खाऊन नरही बारकाच राहते. अंगावरचे पर वाढत नाही, ठिपके पुसते, मादीवानीच दिसाले लागते. मीच दोनदा फसलो.” “मी झूलॉजी केलंय, दादा.” “बरं,” तो म्हणाला, “मंग तर तुमाले जास्त समजते,” आणि त्यानं कोळंबीचं पाकीट काळ्या पिशवीत घातलं.

आज सकाळी गार्गीनं तिचा गाऊन ओढला आणि सांगितलं, “आई, मासा उलटा झाला.” मार्गशीर्षातला गुरुवार होता, अपूर्व दोन दिवसांसाठी चंद्रपूरला गेलेला, दूध गॅसवर. अरुंधतीनं आधी गॅस बंद केला, मग पोरीला उचललं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि मग पाहिलं. धाकटा फिल्टरच्या पाइपमागे अडकून राहिला होता, पोट वर, एका डोळ्याच्या जागी नुसती पांढुरकी खाच. थोरला टँकच्या मधोमध होता. ती दिसताच तो रोजच्यासारखा काचेशी आला, शेपटी हलवत, खाणं मागत, आणि तिला त्या लाडीगोडीचीच भीती वाटली, मेलेल्या माशाहून जास्त. कुठं काही झालंच नाही अशी ती शेपटी हलत होती. तिनं गार्गीला बेडरूममध्ये नेलं, मोबाइलवर गाणी लावून दिली, मग तोच मोबाइल लागेल म्हणून काढून घेतला आणि रंगीत खडू दिले. हे सगळं तिनं न गडबडता केलं. हे तिचं नेहमीचंच. गार्गी झाल्यापासून तिची भीती कामाला लागलेली होती, द्राक्षाचे चार तुकडे करणारी, सॉकेटांना झाकणं बसवणारी, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बसणारी; काही घडण्याआधीच ती इतकी घाबरून घ्यायची की खरंच घडलं की भीती शिल्लकच राहायची नाही. “अरु म्हणजे भीतीचं गोदाम,” अपूर्व पाहुण्यांसमोर म्हणायचा, “कधीही या, माल तयार.” सगळे हसायचे, तीही हसायची. गार्गीच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं, पोर ठीक आहे, तुम्ही थोडं कमी घाबरा. म्हणून नवरात्रात तिनं मनाशी ठरवलं होतं की रोज एका तरी गोष्टीला घाबरायचं नाही. आणि पहिल्यांदा निवडली ती जाळी.

जाळी काढली त्या संध्याकाळी तर दोघे एकमेकांना ओळखतच नसल्यासारखे दोन टोकांना उभे होते. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. कल्ले फुगवून समोरासमोर यायचं, अंग थरथरवायचं, मग एकदम तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली, वाळू उडायची, काचेवर ठक्क आवाज व्हायचा. ती स्टूल घेऊन बसायची आणि पाहायची. पुस्तकात हे सगळं होतं. या जातीचे मासे जोडी जमवतानाही असेच जबड्यात जबडा घालतात, एकमेकांची ताकद अजमावतात. झुंज आणि प्रणय वरून पाहिले तर सारखेच दिसतात. परीक्षेत हेच वाक्य लिहून तिला मार्क मिळाले होते. वरून सारखे दिसत असतील तर आपल्याला कुठलं दिसतंय हे कसं कळायचं, असं परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं. तिनं एकदा ओल्या फडक्यात धाकट्याला धरून उताणं करून पाहिलंही होतं, पोटाखालच्या बारीकशा छिद्राचा उंचवटा, टोकदार म्हणजे नर, बोथट म्हणजे मादी. मासा धडपडत होता, गार्गी रडत होती, अपूर्व टॉर्च धरून “झालं का, झालं का” करत होता. बोथट वाटलं. म्हणजे तिला बोथट हवं होतं. एमएस्सी अर्धी सोडून चार वर्षं झाली होती आणि घरात कुणालातरी दाखवायचं होतं की हे मला कळतं.

भाऊबीजेला गोपिका आली तेव्हा हेच चाललं होतं. गोपिका म्हणजे अपूर्वची धाकटी बहीण, वर्षापूर्वी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला गेलेली. नवरा पुष्कर तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर मॅनेजर. एका दिवसासाठी म्हणून आली आणि चौथ्या दिवशीही परत जायचं नाव काढेना. दिवाळीतली थंडी काही फार नव्हती, पण ती पूर्ण बाह्यांचे कुर्तेच घालत होती. ओठाच्या कोपऱ्यात निळसर डाग होता, “दाराची कडी लागली” म्हणाली, आणि अरुंधतीनं, जी गार्गीच्या गुडघ्यावरचा डासाचा चावाही दोनदा तपासायची, बर्फ आणून दिला आणि पुढं विचारलं नाही. आता आठवतं तेव्हा आठवतं की विचारलं नव्हतं असंही नाही. विचारायला तोंड उघडलं होतं. पण अपूर्व सोफ्यावर होता, त्याची ती मान वाकडी करून पाहायची सवय, ‘उघड आता गोदाम’ असं न बोलता म्हणणारी, आणि ती म्हणाली, “चहा टाकू?” दुपारी दोघी टँकपुढे बसल्या होत्या. मासे तोंडात तोंड घालून घिरक्या घेत होते, धाकट्याचं अंग मागे मागे ढकललं जात होतं, पार काचेपर्यंत. “वहिनी, हे भांडून राहिले का?” गोपिकानं विचारलं. “नाही वं, जोडी जमवून राहिले. सुरुवातीला असंच असतं त्यांच्यात.” “ती लहानी मरन ना अशानं.” “नाही मरत. तिला नको असतं तर तोंड सोडवून पळाली असती. टिकून आहे म्हणजे तिला मान्य आहे. थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात, मग बघ, अंडी घालतील आणि दोघं मिळून राखण करतील.” गोपिका धाकट्याकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, “किती दिवस?” माशांचं विचारत होती. अरुंधतीला तेव्हा खरंच वाटलं की ही माशांचंच विचारते आहे. “असेच पंधरा-वीस,” ती म्हणाली. “मग शांत होतं.”

त्याच संध्याकाळी गोपिकानं स्वतःहून पुष्करला फोन केला आणि तो घ्यायला आला, संत्राबर्फीचा डबा घेऊन. चांगला माणूस, म्हणजे दिसायला, बोलायला. गार्गीला उंच उडवून झेललं, अपूर्वला म्हणाला, “दादा, तुमच्या बहिणीनं माहेरी मुक्काम ठोकला, आम्ही तिकडे डब्यावर जगून राहिलो.” अपूर्व हसला आणि बहिणीला म्हणाला, “जा बाप्पा, सांभाळून घे थोडं. तूही काही कमी नाहीस.” गोपिका दाराजवळ बॅग घेऊन उभी होती, चपलांच्या रॅकला टेकून, सगळ्यांच्या हसण्यात तीही ओठ हलवत होती. अरुंधतीनं तिची ओटी भरली. ओटीचे तांदूळ ओढणीत घेताना बाही मागे सरकली आणि मनगटाच्या वर चार डाग दिसले, ओळीनं, बोटांएवढ्या अंतरावर. गोपिकानं बाही खाली ओढली. दोघींची नजर भेटली आणि अरुंधतीनं, त्या दिवशी घाबरायचं नाही असं ठरवलेल्या अरुंधतीनं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, “पोचलीस की मेसेज कर.”

मेसेज आला. मग रोज येत राहिले, लांबलचक, कधी आवाजातले, त्यात पाठीमागे ट्रक रिव्हर्स घेतानाचा तो टी टी आवाज. आज भाजीवरून झालं. आज फोन का लागत नव्हता यावरून झालं. आज काहीच कारण नव्हतं, वहिनी. अरुंधती पोरीला भरवता भरवता ऐकायची आणि लिहायची, शांत राहा, उलटून बोलू नको, होईल ठीक. मग ते छोटे झाले. ‘ठीक आहे.’ ‘जेवलो.’ मग नुसतं हात जोडल्याचं इमोजी. त्याच सुमाराला टँकमधली झटापट थांबली. धाकटा पाइपमागे वरच्या कोपऱ्यात उभा राहायला लागला, डोकं वर, अंग तिरकं, खायला खाली येत नव्हता, आणि त्याचे ठिपके इतके पुसट झाले की अपूर्व म्हणाला, “सोनेरी झाली बघ, अंड्यांवर आली वाटते.” अरुंधतीलाही तसंच वाटलं. दोन्हीकडे शांत झालं होतं. तिला खोटं बोलायचं नव्हतं स्वतःशी, बरं वाटलं होतं तिला. सकाळी उठून फोन पाहायचा, गोपिकाचं काही नाही, म्हणजे बरंय. टँक पाहायचा, कोणी कोणाला धरलेलं नाही, म्हणजे बरंय. आणि मग पोळ्या.

गार्गी खडूंत गुंतल्यावर तिनं बाल्कनीत जुनं वर्तमानपत्र पसरलं, मेलेला मासा त्यावर ठेवला आणि फळं कापायच्या बारक्या सुरीनं पोट उघडलं. का, हे तिला नीट सांगता आलं नसतं. फेकूनही देता आला असता. पण हाताला कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधली ती जुनी रेघ आठवली, छिद्रापासून कल्ल्यापर्यंत, फार खोल जायचं नाही, आतडं फाडायचं नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणी गादी झटकत होतं, खाली भाजीवाल्याचा भोंगा. मादी असती तर या जागी दाणेदार पिवळट पिशवी असायला हवी होती, अंड्यांची. तिथं दोन पांढऱ्या रेघा होत्या, दोऱ्यासारख्या, पाठीच्या कण्याला चिकटलेल्या. तिनं सुरीच्या टोकानं त्या उचलून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. नर होता. मार खाऊन वाढ खुंटलेला, रंग उडालेला नर. म्हणजे जोडी नव्हतीच कधी. ते तोंडात तोंड घालणं, ती थरथर, ते काचेपर्यंत ढकलणं, जे ती स्टुलावर बसून जोडी जमणं म्हणून समजावून सांगत होती, ती पहिल्या दिवसापासून फक्त मारामारी होती, आणि तो टिकून राहिला होता कारण टँक सहाच फुटांचा होता. टिकून आहे म्हणजे मान्य आहे. हे वाक्य तिच्याच आवाजात तिच्या कानात आलं, आणि त्याच्यामागून दुसरा आवाज, किती दिवस, आणि मग तिचाच, असेच पंधरा-वीस. तिनं सुरी खाली ठेवली. ती बाल्कनीच्या फरशीवर बसली आणि बोटांवर मोजायला लागली. भाऊबीजेच्या चौथ्या दिवसापासून. तीस होऊन गेले होते. शेवटचे हात जोडलेले कधी आले होते ते तिनं मोबाइलमध्ये पाहिलं. सोमवारी.

साडेनऊला फोन लावला तेव्हा पुष्करनं उचलला. गोपिकाचा फोन, पुष्करचा आवाज. “बोला ना वहिनी. ती आंघोळीला गेली आहे. निघाली की लावायला सांगतो. गार्गी काय म्हणते?” तिनं गार्गी काय म्हणते ते सांगितलं. सांगत असतानाच तिला स्वतःची किळस आली. पाऊण तास तिनं वाट पाहिली, त्या पाऊण तासात मासा कागदात गुंडाळला, गार्गीचं शी-शू केलं, बाल्कनीची फरशी दोनदा पुसली. फोन आला नाही. पुन्हा लावला. “अरे हो वहिनी,” पुष्कर म्हणाला, “ती इतवारीत गेली आहे, खरेदी होती काहीतरी. आठ वाजताच निघाली. फोन घरीच विसरली बावळट.” आवाज तसाच, मऊ, हसरा. अरुंधतीनं मोबाइल कानाशी दाबून धरला. आठ वाजता निघाली. साडेनऊला आंघोळीला होती. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण पलीकडेही एक क्षण काही नव्हतं, आणि त्या क्षणात तिनं कान देऊन ऐकलं, एखादं भांडं, नळ, पंखा, कोणी कूस बदललेली, काहीही. ट्रकचा टी टी आवाज तेवढा येत होता, लांबून. “काही अर्जंट होतं का, वहिनी?” “नाही,” ती म्हणाली. “सहज.”

अपूर्वनं चंद्रपूरहून सगळं ऐकून घेतलं. मधेच कोणाला तरी “दोन मिनिटं सर” म्हणाला. मग म्हणाला, “अरु, तू माशावरून माणसं जोडून राहिली. मासा मेला, वाईट झालं. त्याचं गोपीशी काय?” “मी तिला सांगितलं होतं की पंधरा-वीस दिवसांत शांत होतं.” “मग झालं ना शांत.” “अपूर्व, तो खोटं बोलला. आधी आंघोळ म्हणाला, मग आठलाच गेली म्हणाला.” “गोंधळला असन. पुरुषांच्या ध्यानात राहते का, बायको कधी काय करते? मले तरी माहीत आहे का तू आत्ता कुठं आहेस?” “तिच्या हातावर बोटं उमटली होती. दिवाळीत. मी पाहिली.” तिकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग तो बारीक आवाजात म्हणाला, “मीही पाहिली होती.” आणि पुढं, “काहून बोललो नाही, माहीत नाही. वाटलं तू पाहिली असशील तर बोलशील. तुले तर सगळ्याचीच भीती वाटते.” ती उभी होती तिथंच भिंतीला टेकली. इतकी वर्षं घरातली सगळी भीती तिनं एकटीनं वाहिली होती, आणि ती वाहते आहे या भरवशावर बाकी सगळे मोकळे झाले होते, आणि नेमक्या त्या एका दिवशी तिनं ओझं खाली ठेवलं होतं. “मी निघतो,” अपूर्व म्हणाला, “पण तीन तास लागतील मले.” “मी जाते,” ती म्हणाली.

गार्गीला स्वेटर चढवताना तिनं पोलिसांचा एकशे बारा लावला. बाईचा आवाज होता, शांत, नाव विचारलं, पत्ता विचारला, काय झालंय विचारलं. काय झालंय. दोन वेगळी कारणं सांगितली गेली आहेत, ती म्हणाली, आणि मनगटावर डाग होते, महिन्यापूर्वी. बाईनं सगळं लिहून घेतलं, गाडी पाठवते म्हणाली. जिना उतरताना अरुंधतीला ते दिसायला लागलं. गाडी येईल, दार वाजेल, पुष्कर दार उघडेल. दोन खुर्च्या देईल. बाजारात गेली आहे, साहेब, म्हणेल, चहा घेता का. आणि आतलं दार बंद असेल, आणि त्या हसऱ्या माणसाच्या खांद्यावरून आत कोण बघणार. दिवाळीत तिनं स्वतः तरी कुठं पाहिलं होतं. रिक्षावाला म्हणाला, वाडी म्हणजे पाऊण तास, मॅडम, रिंग रोडनं गेलं तरी. ती बसली. गार्गीला मांडीत घट्ट धरलं. दोघींमध्ये एकच शाल. वारा गार होता आणि पोर म्हणत होती, “आत्याकडे? आत्याकडे?” आणि ती हो म्हणत होती, आणि रस्त्यावरची प्रत्येक बाई तिला गोपिकाच्या बांध्याची दिसत होती, स्कूटीवरची, बसथांब्यावरची, पिशवी घेतलेली, आणि एकही ती नव्हती. पुढं सिग्नलला रांग होती, सिमेंटच्या ट्रकांची. रिक्षा थांबली ती थांबलीच. पाऊण तास. त्यातली बारा मिनिटं झाली होती. पाऊण तासात काय काय होऊ शकतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आयुष्यभर तिनं तेवढाच एक अभ्यास केला होता. कुणीतरी आधी पोचायला हवं होतं. कुणीही. तिनं रस्त्याकडे पाहिलं, शेजारच्या गाडीतल्या बाईकडे पाहिलं, जिला हे सांगता आलं नसतं तिच्याकडे, आणि मनातल्या मनात जे कोणी ऐकत असेल त्याला ती सांगायला लागली.

तुम्ही अमरावती रोडच्या बाजूला असाल तर, वाडीच्या जवळपास असाल तर, जरा जाल का. धरमकाटा विचारा, ट्रक जिथं वजनाला लागतात तो, कोणीही दाखवेल. त्याच्या मागं दुमजली घर आहे, खाली टायरचं दुकान, बाजूनं लोखंडी जिना. वरची खोली. पुरुष असाल तर खाली थांबा, बरोबर एखादी बाई न्या. दार तो उघडेल. चांगलं बोलेल. ती बाजारात गेली आहे म्हणेल, आंघोळीला गेली आहे म्हणेल, झोपली आहे म्हणेल. तुम्ही भांडू नका, त्याला काही विचारू नका. आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे, म्हणा, आम्ही पाच घरी कुंकू लावून घेत फिरतोय, तुमच्या घरच्या बाईच्या हातानं लावून घ्यायचं आहे. हे काम त्याला करता यायचं नाही. त्यासाठी तिलाच उठून बाहेर यावं लागेल. नाही म्हणाला तर बसतो म्हणा, वाट बघतो म्हणा, आणि उंबऱ्यावरच बसा. तिचं नाव गोपिका आहे. ते मोठ्यानं घ्या, आतल्या दारापलीकडे ऐकू जाईल असं घ्या, आणि ती कुंकवाची कुयरी घेऊन तुमच्या समोर येऊन उभी राहीपर्यंत उठू नका.